पाण्यात उतरायचे पैसे

मालवणच्या प्रवासाचा हिशेब मी घरी आल्यावर वहीत लिहिला. शाळेच्या सहलीचा पै-पैचा हिशेब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो, त्यातून लागलेली ही सवय आता घरच्या प्रवासातही सुटत नाही. दिवा-सावंतवाडी पॅसेंजरची तिकिटे, कुडाळहून मालवणला जाणाऱ्या एसटीची तिकिटे, किल्ल्यावर नेणाऱ्या होडीची तिकिटे, लॉजची पावती. सगळे कागद टाचणीला लावले. सर्वांत मोठी रक्कम मात्र कागदाशिवायच राहिली. ती होती स्कूबा डायव्हिंगची. पैसे रोख दिले, मोजून घेतले गेले, आणि फोटो-व्हिडिओचे वेगळे मागितले गेले. पावती मागितली तर समोरचा तरुण हसला. "टीचर, पाण्यात पावती भिजते ना!" त्याने मला टीचर म्हणून कसे ओळखले हे मला अजून कळलेले नाही. बहुधा पावती मागितली म्हणूनच.

मी चाळिशी ओलांडलेली बाई. भिवंडीत वाढले. कामतघरच्या वऱ्हाळा तलावापलीकडे साठलेल्या पाण्याशी माझी ओळख नाही, आणि कामवारी नदीला हल्ली कुणी पाणी म्हणत नाही. तरी उतरले, कारण धाकटा मुलगा म्हणाला, अम्मी घाबरते. सलवार-कमीजवर त्यांनी दिलेला रबरी पोशाख चढवला, तोंडात नळी धरली, आणि एका मुलाने माझी मान मागून घट्ट पकडून मला खाली नेले. पंधरा मिनिटे असतील. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे अंगाभोवती जमले. ते माझ्यासाठी जमले नव्हते. त्या मुलाच्या हातात प्लास्टिकची बाटली होती, तिच्यात पावाचा चुरा होता. तो चुरा सोडत होता आणि दुसरा मुलगा कॅमेऱ्यात मला टिपत होता. माझ्या पायाखाली खडकावर काहीतरी फिकट, मेंदूसारखे वळ्या-वळ्यांचे होते. माझा पाय त्यावर टेकणार तोच मान पकडणाऱ्याने मला वर ओढले. थोड्या अंतरावर आमच्याच बोटीचा नांगर एका कपारीत अडकलेला दिसला. बोट हलली की तो खडक खरवडत होता.

ते वळ्या-वळ्यांचे म्हणजे प्रवाळ, हे मला नंतर कळले. भारतात कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंक्तीत बसतात. आणि ज्या पाण्यात मी उतरले ते मालवण सागरी अभयारण्य. १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालेले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. त्यातला तीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा गाभा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक. ताडोबात शिरताना दारावर चौकी असते, तिकीट असते, गाइड असतो, गाडीतून खाली उतरू नका असे बजावले जाते. इथे दार कुठे आहे हेच समजत नाही. आपण अभयारण्यात पाऊल ठेवतो आहोत असे आम्हाला बोटीत, धक्क्यावर, कुणीही सांगितले नाही. माझ्यासोबतच्या पुण्याच्या कुटुंबालाही माहीत नव्हते.

म्हणजे आम्ही पैसे तर दिले. शेकड्यांपासून सुरू होऊन दीड-दोन हजारांपर्यंत माणशी दर मालवण-तारकर्लीत चालतात, जसा हंगाम आणि जसे गिऱ्हाईक. त्यात बोट आली, डिझेल आले, सिलिंडर भरणे आले, त्या मुलांची मजुरी आली, एजंटचे कमिशन आले, व्हिडिओ आला. ज्या खडकासाठी आम्ही चारशे-पाचशे किलोमीटरवरून गेलो त्याचा त्यात काही वाटा असल्याचे आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि माझ्या वहीत तरी तसा रकाना नाही. कायद्यात शुल्काची तरतूद नाही असेही नाही. कायदा १९७२ चा. त्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात जायचा परवाना अभ्यासासाठी, छायाचित्रणासाठी, पर्यटनासाठी देता येतो आणि त्याला ठरवून दिलेले शुल्क लावता येते, असे स्वच्छ लिहिले आहे.

हे सगळे मी स्टाफरूममध्ये सांगितले आणि वाद सुरू झाला. आमचे विज्ञानाचे सर एकदम तापले. म्हणाले, आता समुद्रात उतरायचेही पैसे सरकारला द्यायचे? बागेत जायचे तिकीट, तलावाकाठी बसायचे तिकीट, टोलनाक्यावर तिकीट, उद्या श्वास घ्यायचे तिकीट. उर्दूच्या बाजींनी त्यांना दुजोरा दिला आणि ती प्रसिद्ध हदीस आठवून दिली, की पाणी, गवत आणि आग या तीन गोष्टींत सगळे भागीदार आहेत. भागीदारीच्या वस्तूला दाम कसला?

प्रश्न बिनतोड वाटतो. मीही काही दिवस त्यावर गप्प होते. पण त्याच परंपरेत दुसरी एक गोष्ट आहे आणि ती या विषयाला जास्त जवळची आहे. तिचे नाव हिमा. हिमा म्हणजे राखून ठेवलेली चराऊ जमीन. इस्लामपूर्व अरबस्तानात एखादा बलाढ्य सरदार उंचवट्यावर चढायचा, कुत्र्याला भुंकायला लावायचा, आणि भुंकणे जिथवर ऐकू जाईल तिथवरचे कुरण आपले एकट्याचे, असे जाहीर करायचा. पैगंबरांनी (स.) ही खासगी हिमा बंद केली आणि सार्वजनिक कामासाठीची हिमा ठेवली; मदीनेजवळचे नकी हे कुरण घोड्यांसाठी राखले. म्हणजे भागीदारी आणि राखण या एकमेकींच्या सवती नाहीत. कुणीही राखत नाही अशा भागीदारीच्या कुरणात महिनाभर गवत टिकत नाही, हे त्या वाळवंटातल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

पुढे हजरत उमर यांनी एका हिमावर हुनै नावाचा राखणदार नेमला. त्याला दिलेली ताकीद बुखारीत आली आहे. तिचा आशय असा, की ज्याच्याकडे चार उंट आणि चार शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान इब्न औफ आणि उस्मान इब्न अफ्फान यांचे कळप मात्र बाहेर ठेव. कारण यांची जनावरे मेली तर यांच्याकडे खजुराच्या बागा आणि शेते आहेत. गरिबाची जनावरे मेली तर तो बायकापोरांना घेऊन माझ्या दारात येईल, आणि त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत देणे मला स्वस्त आहे. ही दोन नावे कुणाची आहेत ते लक्षात घ्या. दोघेही मोठे सहाबी, दोघेही उमर यांच्या बरोबरीचे, आणि एक तर पुढे स्वतः खलिफा झाला. तरी दारावरचा नियम त्यांच्यासाठी उलटा.

मला शुल्काचा सगळा प्रश्न या ताकिदीत दिसतो. दारावर कुणीतरी असावे. कुणाला कसे आत घ्यायचे हे त्याच्या ऐपतीवर आणि गरजेवर ठरावे.

आता हे पाण्याखाली कसे करायचे? जगात ते करून झाले आहे. कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचे डच अमलाखालचे छोटे बेट आहे. तिथे १९७९ साली बेटाभोवतीच्या समुद्राचे उद्यान केले. सुरुवातीला बाहेरून मदत मिळाली, ती संपल्यावर उद्यान काही वर्षे कागदावरच राहिले. ही कहाणी आपल्याला ओळखीची आहे. मग १९९२ पासून त्यांनी प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला सुरुवात केली. बदल्यात एक छोटा बिल्ला, तो साधनांना अडकवायचा. बिल्ला नाही तर बुडी नाही. शिवाय पहिल्या दिवशी तिथल्या पाण्याची ओळख आणि नियम समजून घ्यायचे, मगच पुढे. डायव्हिंगवर पोट असलेल्यांना भीती होती की गिऱ्हाईक दुसऱ्या बेटावर जाईल. तसे झाले नाही. जॉन डिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत डायव्हर्सना विचारले तेव्हा दहातले नऊ जण शुल्क वाजवी आहे म्हणाले, आणि सुमारे ८० टक्के लोक दुप्पट द्यायला तयार होते. शुल्क २००५ साली २५ डॉलर झाले, आता ते ४० आहे. बेटावरच्या रहिवाशांना ते भरावे लागत नाही. त्या पैशातून पगारी राखणदारांचा खर्च निघतो, आणि मुख्य म्हणजे बोयांचा. समुद्रतळाशी पक्के बसवलेले, वर तरंगणारे बोये. बोटीने नांगर टाकायचाच नाही, बोयाला दोर बांधून उभे राहायचे.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे आणि तो मला शुल्काच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एका जागेवर वर्षाला साधारण चार ते सहा हजार बुड्यांपर्यंत प्रवाळ तग धरतो, त्यापुढे नुकसान उघड दिसायला लागते. आपल्या मालवणच्या खडकांना हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पाणी वेगळे, गाळ वेगळा, प्रवाळाच्या जाती वेगळ्या. त्यात बोनेरचे डायव्हर पोहायला शिकलेले असतात. आपल्याकडे माझ्यासारखी, मान पकडून खाली नेलेली माणसे असतात. तरी सातवीच्या वर्गात घालावे असे गणित करून पाहू. दिवाळीच्या सुट्टीत एका जागी दिवसाला २०० माणसे उतरली असे धरा. सहा हजार पुरे व्हायला किती दिवस लागतील? तीस. सुट्टी संपता संपता वर्षाचा कोटा संपला. नाताळ, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला शनिवार-रविवार, मे महिना हे सगळे अजून बाकीच आहे.

म्हणून शुल्काचा उपयोग नुसता पैसा गोळा करणे हा नाही. बिल्ला दिला की मोजणी होते. आज त्या एका खडकावर वर्षाला किती माणसे उतरतात हे धक्क्यावर कुणाला विचारले तर हात आकाशाकडे जातात. जे मोजले जात नाही त्याला मर्यादा कशी घालणार?

बोनेर श्रीमंत पर्यटकांचे बेट, तिथले उदाहरण आपल्याला कशाला, असे आमचे सर म्हणाले. बरोबर आहे. म्हणून इंडोनेशियातले बुनाकेन पाहावे. ते राष्ट्रीय उद्यान १९९१ चे, आणि त्याच्या हद्दीत हजारो मासेमार राहतात. त्यांत बाजाव मुसलमानांची वस्तीही आहे. तिथे २००१ पासून शुल्क सुरू झाले. परदेशी डायव्हरला जास्त, देशी पाहुण्याला त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ. आणि जमलेल्यातले ८० टक्के उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळाकडे राहतील, उरलेले सरकारच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर वाटले जातील, असे आधीच ठरले होते. त्या मंडळावर गावांचे प्रतिनिधी बसत, डायव्हिंगवाले बसत, अधिकारी बसत. स्फोटके टाकून मासे मारणाऱ्यांवर पाळत ठेवायला राखणदारांसोबत गावची माणसेही बोटीवर जात आणि त्यांना त्याचे पैसे मिळत. सगळे आलबेल चालले असा माझा दावा नाही. पण पैसा कुठे जाणार हे पैसा घेण्याआधी ठरवता येते, एवढे त्यातून दिसते.

आणि खरी मेख तिथेच आहे. शुल्क राज्याच्या तिजोरीत गेले की ते मालवणला परत येईल याची खात्री कोण देणार? वाघाच्या बाबतीत कायद्याने यावर तोड काढली. २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी वेगळे प्रतिष्ठान करायची सोय झाली, आणि पर्यटकांच्या दारावरचा पैसा तिथे जमा होऊन त्याच जंगलावर आणि भोवतालच्या गावांवर खर्च करता येतो. प्रवाळ वाघाच्या पंक्तीत बसवला, पण त्याच्या ताटात अजून काही वाढलेले नाही. महाराष्ट्रात कांदळवन आणि सागरी जैवविविधतेसाठी प्रतिष्ठान आहे, म्हणजे भांडे आहे. त्यात मालवणच्या बुडीचा पैसा मालवणच्या नावाने ठेवता येईल का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तो लवकर विचारायला हवा. भारतीय नौदलाची गुलदार ही युद्धनौका २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झाली, आणि पुढच्या वर्षी ती राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे सोपवली गेली. निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ती बसवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे, अशी सुमारे ४७ कोटींची योजना आहे. जहाज पाहायला तिकीट लागेल, त्याबद्दल कुणी वाद घालणार नाही. लोखंडाला तिकीट चालते. जिवंत खडकाला तिकीट म्हटले की आपल्याला हदीस आठवते.

इथवर सगळे पुस्तकी झाले. आता आमच्या मामेभावाबद्दल सांगते, कारण शुल्क म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर आधी तो येतो.

माझे आजोळ सिंधुदुर्गातले, दालद्यांचे. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते, की कोकण किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या मुसलमानांना दालदी म्हणतात. सिंधुदुर्ग किल्ला दाखवताना गाइड शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या दौलतखानाचे नाव आवर्जून घेतो आणि आम्हाला बरे वाटते; पण दौलतखानानंतरही या किनाऱ्यावर मुसलमान जाळी टाकत राहिले, हे त्या गोष्टीत येत नाही. असो. माझ्या नानांची होडी होती, रापणीत वाटा होता. मोठे ट्रॉलर आले, मग पर्ससीनची जाळी आली, किनाऱ्यालगतचा मासा आटला. मामूंनी होडी विकली. मामेभाऊ आता दुसऱ्याच्या पर्यटक बोटीवर खलाशी आहे. ऑक्टोबर ते मे काम, पावसाळ्यात समुद्र बंद झाला की घरी.

मी त्याला विचारले, डायव्हिंगला सरकारी शुल्क लागले तर? तो लगेच म्हणाला, "आपा, दर्यो कोणाच्या बापाचो नाय." नंतर थोडा वेळ गप्प बसला आणि हळूहळू बोलू लागला. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा नाना जिवंत होते. कुणी विचारले नव्हते. गावात मोर्चे निघाले, विरोध झाला, तो आजही पुरता मिटलेला नाही. लोकांना वाटले, आज रेघ मारली, उद्या जाळे टाकू देणार नाहीत. कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मासेमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी, असे तिने लिहून ठेवले. पण मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षे आधीची. "आमका कोणी इचारल्यानीच नाय," हे वाक्य तो दोनदा बोलला.

पण नांगराचे मी म्हटले तेव्हा तो माझ्या बाजूला आला. त्याचे म्हणणे, सगळ्या खलाशांना ते दिसते. पूर्वी ज्या कपारीत शेवंडी मिळायची तिथे आता काही नाही. बोये बसवायला हवेत हे सगळ्यांना पटते, पण बसवणार कोण? एका मालकाने खर्च केला तर त्याच्या बोयाला दहा बोटी बांधल्या जातील. म्हणून कुणीच करत नाही. मग त्याने रापणीचा दाखला दिला. रापणीत जाळ्याचा वाटा असतो, होडीचा वाटा असतो, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. जाळ्याचा वाटा काढला नाही तर फाटलेले जाळे शिवणार कशाने? "मग दर्याचो पण एक वाटो काढा," तो म्हणाला. मला हदीस, बोनेर आणि कलम २८ हे सगळे धुंडाळून जिथे पोहोचता आले तिथे तो रापणीवरून पाच मिनिटांत आला होता.

माझ्या बाजूने माझी एकच चिंता होती, ती वर्गातली. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील बहुतेक लूमवर आहेत, मीटरवर मजुरी. ऐरोलीला वन विभागाच्या केंद्रात आम्ही मुलांना नेले होते, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहायला. भिवंडीची कामवारी उल्हासला मिळते आणि ते पाणी पुढे याच खाड्यांकडे जाते, हे मला मुलांना जागेवर दाखवायचे होते. केंद्र पाहिले, खेकड्यांचे तलाव पाहिले. बोटीतून खाडीत जायचे भाडे मात्र आमच्या वर्गणीत बसले नाही. मुले काठावर उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, "टीचर, यहाँ से भी दिख रहे हैं ना." दिसत होते, दूरवर गुलाबी रेघ दिसत होती. बोट चालवायला खर्च येतो, मी त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. पण ज्या दारावर सगळ्यांना एकच दर असतो, ते दार इब्न औफला आत घेते आणि चार शेळ्यांवाल्याला काठावर उभे करते. मालवणला शुल्क लागले तर शाळेच्या मुलांना ते माफ असावे, आणि वर्षातले काही दिवस बोटीची एखादी फेरी त्यांच्यासाठी त्याच शुल्कातून निघावी. मोठ्या माणसाला ५० किंवा १०० रुपये जास्त पडले तर मालवण ओस पडणार नाही. व्हिडिओचे वेगळे पैसे देताना कुणी कुरकुरत नाही, मीही कुरकुरले नव्हते.

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. धक्क्यावरच्या काही खलाशांनी आणि दोन-तीन बोटवाल्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्यायचे ठरवले आहे, आणि घरात एक मराठीची शिक्षिका असताना बाहेरच्याकडून कशाला लिहून घ्यायचा? मी लिहून दिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळे रीतसर. तीन मागण्या. पहिली, अभयारण्यात बुडी मारणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून ठरलेले शुल्क घ्यावे, पावती आणि बिल्ला द्यावा, शाळकरी मुलांना माफी असावी. दुसरी, जमा रक्कम मालवणच्या नावाने वेगळ्या खात्यात राहावी, तिच्यातून आधी बोये बसवावेत, आणि दर महिन्याचा जमा-खर्च धक्क्यावर फळ्यावर मराठीत लिहावा. या दोन्ही मागण्यांवर सह्या झाल्या. एका बोटवाल्याने तर फळा आपण देतो म्हणून सांगितले.

अडले ते तिसरीवर. तिच्यात मी लिहिले होते, की स्थानिक मासेमारांच्या मासेमारीवर आणि येण्याजाण्यावर या शुल्काचा कसलाही बोजा पडू नये, आणि शुल्कातून निघणाऱ्या कामांत त्यांना आधी संधी मिळावी. स्थानिक मासेमार म्हणजे कोण, असे कुणीतरी विचारले. सोसायटीचे सभासद, असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, ज्याच्या नावावर नौका आहे तो. यातल्या कुठल्याही व्याख्येत मामेभाऊ बसत नाही. होडी विकली तेव्हा मामूंचे सभासदत्वही गेले. मासळी विकणाऱ्या बायका तर कुठल्याच यादीत नाहीत. मी म्हटले, रापणीसारखे लिहू या, दोराला हात लावणारा प्रत्येक जण. फोन लाउडस्पीकरवर होता, पलीकडे हशा पिकला. मग कुणीतरी गंभीरपणे म्हणाले, असे लिहिले तर उद्या मुंबईहून येऊन कुणीही दोराला हात लावील.

त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी दोन पर्याय लिहून पाठवले आहेत. एकात 'तीन पिढ्यांपासून या किनाऱ्यावर मासेमारीशी संबंधित असलेली कुटुंबे' असे आहे, दुसऱ्यात 'गेली दहा वर्षे किनाऱ्यावर राहून समुद्रावर उपजीविका करणारी व्यक्ती'. पहिल्यात मामेभाऊ बसतो, पण बिहारहून आलेला त्याचा सोबती, जो सहा वर्षे त्याच बोटीवर आहे, तो बसत नाही. दुसऱ्यातही त्याची चार वर्षे कमी पडतात. मामेभावाने दोन्ही कागद सगळ्यांना वाचून दाखवले. अर्ज अजून त्याच्या घरी, कपाटावरच्या डब्यात आहे. पुढच्या शुक्रवारी, समुद्रावरून परत आल्यावर, पुन्हा बसायचे ठरले आहे.